नातीचा हंगाम आणि आजीची नजर

गेल्या वर्षी मे महिन्यात मी माझ्या ७८ वर्षांच्या आईला घेऊन धाकट्या भावाकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात गेले. दवाखाना फार दिवस बंद ठेवता येत नाही म्हणून मी तीन आठवड्यांनी परतले. आई सप्टेंबरपर्यंत राहिली. निघण्यापूर्वी भावाने फोनवर सांगितले होते, "ताई, या उन्हाळ्यात घरातलं सगळं सॉकरच्या वेळापत्रकावर चालेल, आईला आधीच कल्पना दे." माझी पुतणी तेव्हा अकरावी संपवीत होती आणि कॉलेजच्या महिला संघात निवड व्हावी यासाठी तिची धडपड शेवटच्या टप्प्यात आली होती. पुढे जे घडले ते तिच्या संमतीने लिहीत आहे. नाव तेवढे लिहू नको, असे तिने बजावले आहे.

आईला कल्पना देण्याची तशी गरज नव्हती. ती मूळची कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ यांचा सामना असला की पेठेत काय होते, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. मात्र तिच्या लहानपणी घरातल्या मुलींनी तो गलका माडीवरून ऐकायचा, मैदानाकडे फिरकायचे नाही. फुटबॉल पायात बूट घालून खेळणारी आपल्या घरातली पहिली मुलगी म्हणून तिला नातीचे अपार कौतुक होते आणि आहे.

या खेळाडू-निवडीला तिकडे 'रिक्रूटिंग' म्हणतात. आपल्याकडे मुलगा आधी कॉलेजात प्रवेश घेतो आणि मग तिथल्या संघात शिरण्याची खटपट करतो. तिकडे क्रम उलटा आहे. कॉलेजचा प्रशिक्षक शाळकरी खेळाडूंना क्लबच्या सामन्यांत आणि उन्हाळी शिबिरांत हेरतो, आणि त्याची पसंती मिळाली तर प्रवेशाची व खर्चाची वाट सोपी होते. मुलींसाठी हे दार उघडले ते १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्याने. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी स्त्री-पुरुष भेद करू नये, असे त्या कायद्याने ठरले आणि मुलींच्या खेळांवर पैसा खर्च होऊ लागला. एनसीएए या कॉलेज-क्रीडासंघटनेची महिला सॉकरची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९८२ मध्ये झाली. ती जिंकली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने, आणि २०२४ पर्यंत या एकाच विद्यापीठाने ती २२ वेळा जिंकली. मिया हॅम तिथलीच. चॅपल हिलमधले त्यांचे मैदान भावाच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. त्या भागातल्या मुली कोणत्या हवेत वाढतात, हे यावरून लक्षात यावे.

पूर्वी या निवडीला वयाचा धरबंधच नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तोंडी शब्द देऊन मोकळ्या होत. २०१९ पासून सर्वांत वरच्या श्रेणीतील, म्हणजे डिव्हिजन वनमधील, प्रशिक्षकांना दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी खेळाडूशी निवडीविषयी बोलता येत नाही. त्या दिवशी मध्यरात्री बारा वाजता मुली हातात मोबाइल धरून बसलेल्या असतात. माझी पुतणीही बसली होती. तिला दोन ठिकाणांहून विचारणा झाली: एक मोठे विद्यापीठ आणि एक लहान कॉलेज. लहान कॉलेज डिव्हिजन थ्रीमधले, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाहीच. फार तर अभ्यासातील गुणांवर किंवा घरच्या आर्थिक स्थितीवर मदत. साहजिकच तिचा जीव मोठ्या विद्यापीठात अडकला. वर्षभरात तिथल्या प्रशिक्षकाने तोंडी होकारही दिला. असा होकार दोन्ही बाजूंपैकी कोणावरही बंधनकारक नसतो; पण सतरा वर्षांच्या मुलीला तो साखरपुड्याइतका पक्का वाटतो.

मी परतीच्या वाटेवर असतानाच, जून २०२५ मध्ये, तिकडच्या न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. तिच्यामुळे कॉलेज-क्रीडेचे अर्थकारणच बदलले. तोवर डिव्हिजन वनमध्ये महिला सॉकरसाठी प्रत्येक संस्थेला फार तर १४ शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम देता येई, आणि ती अनेक मुलींत वाटून दिली जाई. तडजोड स्वीकारणाऱ्या संस्थांवर आता शिष्यवृत्तीची मर्यादा राहिली नाही. मर्यादा आली ती संघाच्या आकारावर. महिला सॉकरच्या संघात जास्तीत जास्त २८ मुली. पूर्वी अनेक ठिकाणी तीसहून अधिक असत. शेवटच्या चार-पाच जणी क्वचितच खेळत, पण संघात असत. आता एकोणतिसाव्या मुलीला जागाच नाही. भावाच्या घरात त्या उन्हाळ्यात 'अठ्ठावीस' हा आकडा इतक्या वेळा उच्चारला गेला की आईने एकदा विचारले, "हे काय नक्षत्र मोजताय का रे?"

जुलैच्या मध्याला आईचा फोन आला. तिच्याकडे रात्र होती, माझ्याकडे दवाखान्याची सकाळची वेळ. हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, पोरीला मी आल्यापासून पाळी आलेली दिसत नाही मला."

"तुला कसं कळलं?"

"न्हाणीघराच्या फडताळातला पुडा मी आले तेव्हा होता तसाच आहे. आणि दोन महिन्यांत एकदाही गरम पाण्याची पिशवी मागायला आली नाही. जेवताना ताटाशेजारी मोबाइल ठेवून काहीतरी मोजते आणि अर्धी पोळी परत करते. मी काही बोलले नाही. तू डॉक्टर, तू सांग."

वाचकहो, मी तीन आठवडे त्याच घरात होते. डॉक्टर असून मला यातले काहीही दिसले नव्हते. मला दिसला होता तिचा वेग, दंडाचे स्नायू, पहाटे पाचचा व्यायाम. एवढेच काय, निघताना मी तिला "किती छान बारीक झालीस गं!" असे म्हणालेसुद्धा होते. ते वाक्य अजून मला बोचते.

वहिनीने तिला जवळ घेऊन विचारले तेव्हा कळले की पाच महिने पाळी नव्हती. हिवाळ्यातल्या एका शिबिरात तिथला एक प्रशिक्षक सहज बोलून गेला होता: जरा हलकी झालीस तर पहिल्या दहा यार्डांत आणखी वेगवान होशील. त्याच्या लेखी ते एक वाक्य होते, तिने त्याचे व्रत केले. डाव्या नडगीत महिनाभर दुखत होते, तेही तिने लपवले. तिकडे प्रत्येक खेळाडूकडून दरवर्षी वैद्यकीय तपासणीचा अर्ज भरून घेतात. त्यात मुलींसाठी स्पष्ट प्रश्न असतो, गेल्या बारा महिन्यांत पाळी किती वेळा आली? तिने उत्तर लिहिले होते, बारा. खाली भावाची सही होती. त्याने ते पान वाचलेच नव्हते.

'खेळाडू मुलींची पाळी चुकतेच, त्यात काय' हा समज आपल्याकडे आणि तिकडेही घट्ट आहे, म्हणून येथे थोडे थांबते. शरीर जितकी ऊर्जा खर्च करते तितकी अन्नातून मिळाली नाही, की ते काटकसर सुरू करते. घरात पैसा कमी पडला की आपण आधी सण-समारंभ बंद करतो, तसे शरीर आधी प्रजननाचे काम थांबवते. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन घटते आणि पाळी बंद होते. पण इस्ट्रोजेनचे काम तेवढेच नसते. हाडांची झीज रोखून धरणारेही तेच. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या साऱ्या अवस्थेला 'रेड-एस' असे नाव दिले. अशी मुलगी आजारी दिसत नाही. काही काळ ती अधिक वेगानेही धावते, आणि तेच घातक ठरते, कारण आपण योग्य मार्गावर आहोत असे तिला वाटते. नियमित पाळी येणाऱ्या मुलीला सलग तीन महिने पाळी आली नाही, तर ती खेळाडू असो वा नसो, डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. गर्भधारणा, थायरॉईड, प्रोलॅक्टिन ही कारणे आधी तपासून बाजूला काढावी लागतात. आणि एक कळकळीची सूचना: पाळी आणण्यासाठी परस्पर गोळ्या देऊ नका. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, घरच्यांचे समाधान होते. मूळची उपासमार चालूच राहते आणि हाडांना द्यावे तसे संरक्षण मिळत नाही.

हाडांविषयी आईला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वी पाण्याची बादली उचलताना तिच्या पाठीचा मणका दबला होता. तेव्हापासून तिची उंची दोन इंचांनी कमी झाली आहे आणि वरच्या फळीवरचा डबा तिला काढता येत नाही. मी तिला फोनवर सांगितले की मुलींच्या हाडांची आयुष्यभराची ठेव सुमारे ९० टक्के अठराव्या वर्षापर्यंत जमा होते. नंतर भर थोडी, आणि पाळी गेल्यावर नुसती उचल. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे पोर सतराव्या वर्षीच ठेव मोडायला निघालीय."

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन उत्तम होते. फेरिटिन, म्हणजे लोहाचा शरीरातील साठा, मात्र तळाला गेलेला. शाकाहारी घरातल्या धावणाऱ्या मुलींत हे फार आढळते, आणि नुसते हिमोग्लोबिन पाहून समाधान मानले तर निसटते. नडगीच्या एमआरआयमध्ये हाडाला चीर नव्हती, पण चीर जाण्यापूर्वीची ताणाची खूण होती. तिकडच्या डॉक्टरांनी सहा आठवडे धावणे बंद केले. पोहणे आणि सायकल चालेल म्हणाले. उपचाराचा मुख्य भाग होता पोटभर जेवणे. मोठ्या विद्यापीठाचे उन्हाळी शिबिर त्याच सहा आठवड्यांत होते.

खरा पेच इथे आला. पुतणी रडून म्हणाली, "आजी, कोचला सांगू नका. ते दुसरीला घेतील." भावाचेही मन डळमळले, आणि त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. अमेरिकेतील कॉलेजचा खर्च ज्याने पाहिला आहे त्याला अर्ध्या शिष्यवृत्तीचे मोल कळते. एक वेदनाशामक गोळी आणि पायाला पट्टी बांधून शिबिर निभावता आले असते, असे तो मला म्हणाला. मी म्हटले, येईलही. पण नडगी तिथेच मोडली तर? दोन दिवस घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. आई रोज संध्याकाळी तिला तूप घातलेला वरणभात द्यायची आणि समोर बसून राहायची. बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी पुतणीने स्वतः दोन्ही प्रशिक्षकांना पत्रे लिहिली: दुखणे काय, विश्रांती किती, परत केव्हा.

मोठ्या विद्यापीठाकडून दोन ओळींचे सभ्य उत्तर आले, मग शांतता. सप्टेंबरमध्ये कळले की तिची जागा दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या एका अनुभवी खेळाडूला मिळाली. अलीकडे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावे एका सामाईक यादीत येतात आणि प्रशिक्षकांना तयार मुली मिळतात. त्या गृहस्थांवर मी रागावू शकत नाही. २८ जागा मोजणाऱ्या माणसाने दुखऱ्या नडगीवर पैसे का लावावेत? लहान कॉलेजच्या प्रशिक्षिकेने मात्र दूरध्वनी केला, आणि संघाच्या दुखापती सांभाळणाऱ्या बाईंनाही सोबत घेतले. त्यांचा पहिला प्रश्न होता: शेवटची पाळी केव्हा आली? पुतणीने या वेळी खरे सांगितले.

पाळी नोव्हेंबरमध्ये परतली. ती बातमी मला कळवण्याचा मान आईने घेतला. तोवर ती भारतात आली होती, आणि नातीने आईवडिलांच्या आधी आजीला सांगितले होते.

आता येत्या हंगामाविषयी. ऑगस्टच्या मध्याला पुतणीच्या नव्या संघाचा सराव सुरू होईल आणि सप्टेंबरच्या आरंभापासून सामने. नऊ-दहा आठवड्यांत सोळा-अठरा सामने, म्हणजे बहुधा आठवड्याला दोन. गेल्या हंगामात हा संघ जिंकला त्याहून अधिक हरला. चार बचावपटूंपैकी तिघी पदवी घेऊन बाहेर पडल्या, मुख्य गोलरक्षकही गेली. आठ नव्या मुली येत आहेत. एक गोलरक्षक दुसऱ्या कॉलेजातून आली आहे. आघाडीची फळी जुनी आणि सरावलेली आहे. माझी पुतणी डाव्या बगलेवरची बचावपटू; निम्म्या जागा रिकाम्या असल्यामुळे पहिल्याच वर्षी खेळण्याची तिला बरीच आशा आहे. भावाच्या मते संघ आपल्या गटात वरच्या निम्म्यात येईल. भाऊ बाप आहे, हे लक्षात ठेवून त्यातले काही वजा करावे.

मी मात्र हा अंदाज गोल मोजून करत नाही, गुडघे मोजून करते. संघातल्या दोघी गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर परतत आहेत. एकीला अकरा महिने झाले, दुसरीला आठ. फुटबॉलमध्ये हा बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा निदान दोन-तीन पट अधिक, आणि तो बहुधा कोणी धडकल्यामुळे तुटत नाही. उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघा आत कलतो आणि तुटतो. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून आठ महिन्यांच्या मुलीला पहिले काही सामने बाकावर बसवले तर संघ दोन सामने हरेल, पण ऑक्टोबरमध्ये ती हाताशी असेल. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना बारा वर्षांनी तपासले, तेव्हा सुमारे निम्म्या जणींच्या गुडघ्यात क्ष-किरणावर संधिवाताच्या खुणा होत्या, आणि त्या स्त्रिया तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. गुडघा बदलून घेतलेल्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. फिफाने तयार करवून घेतलेला वीस मिनिटांचा एक सराव आहे: हळू धावणे, मांड्यांचे व्यायाम, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणे. नॉर्वेतील मुलींच्या संघांवर झालेला त्याचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००८ साली प्रसिद्ध झाला. हा सराव करणाऱ्या मुलींत गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. विश्रांतीच्या आठवड्यांनंतर पुतणी स्वयंपाकघरात हाच सराव हळूहळू करू लागली तेव्हा आई ओट्याला धरून तिच्या शेजारी एका पायावर उभी राहायची. दोघींना डॉक्टरांनी तोलाचा एकच व्यायाम सांगितला होता, नातीला मैदानासाठी आणि आजीला न्हाणीघरात पडू नये म्हणून. सुरुवातीला आई चार सेकंद टिकायची. परतली तेव्हा अकरा.

नातवंडांचे सामने पाहायला जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी चार शब्द, कारण आईने तिथे मला चांगलेच घाबरवले होते. ऑगस्टअखेर ती चॅपल हिलला एक सामना पाहायला गेली. सामना संध्याकाळचा, पण हवा दमट आणि उकाडा विलक्षण. रक्तदाबासाठी ती जी गोळी घेते तिने लघवी वाढते. वाटेत अडचण नको म्हणून तिने दुपारपासून पाणीच टाळले. गोल झाला, सगळे उठले, ही पण ताडकन उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. शेजारच्यांनी सावरले म्हणून बरे. अशा वेळी पाणी तोडू नये, शौचालयाजवळची जागा घ्यावी. लहान कॉलेजांत बसायला बहुधा पाठ नसलेले अॅल्युमिनियमचे लांब बाक असतात आणि पायऱ्यांना कठडा असेलच असे नाही. त्यापेक्षा मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकावी. बसल्यावरून उठताना आधी पाय हलवावेत, मग सावकाश उभे राहावे. गोल आपल्यासाठी थांबत नाही, पण तो पुन्हा मोबाइलवर दिसतो.

आई या वर्षी जाणार नाही. एवढा प्रवास तिला आता झेपत नाही. तिने भावाच्या एका मित्राबरोबर नाचणीच्या आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला आहे, त्यावर मोजणी करायची नाही अशी चिठ्ठी. कॉलेजचे सामने इंटरनेटवर थेट दिसतात. तिकडे संध्याकाळी सात वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला असतो. माझ्या मुलाने तिच्या मोबाइलवर गजर लावून ठेवला आहे. थायरॉईडची गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते, तेव्हा ती मी सामन्याच्या दिवशी सव्वाचारला केली आहे. चहा मात्र मध्यंतरात.